चोरबीटी आणि भिंतीवरचा परवाना

उंद्रीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. पाटीवर गावाचं नाव उदयनगर लिहिलंय, पण एसटीचा कंडक्टर, गिऱ्हाईक आणि मी स्वतः, सगळे उंद्रीच म्हणतो. बुलढाणा जिल्ह्यातलं, खामगाव-चिखली रस्त्यावरचं हे गाव. आसपासच्या खेड्यांतला शेतकरी बियाणं, खत, औषध घ्यायला इथे येतो आणि कापूस विकायला बहुधा खामगावला जातो. काउंटरच्या मागच्या भिंतीवर तीन परवाने काचेच्या चौकटीत लावलेत: बियाण्याचा, खताचा आणि कीटकनाशकाचा. शेजारी लक्ष्मीचा फोटो. शेतकऱ्याची नजर लक्ष्मीकडे जाते, निरीक्षकाची परवान्यांकडे.

अक्षय्य तृतीया झाली की दुकानात एक प्रश्न सुरू होतो. गिऱ्हाईक आधी उधारीचं बोलतं, मग पावसाचं, मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणतं.

"भाऊ, ते हाये काय?"

"नाई. माह्याकडे नाई भेटत."

"मंग कोणाकडे भेटन?"

या दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. उत्तराची कोणाला फारशी गरजही नसते.

"ते" म्हणजे चोरबीटी. कोणी तणवालं म्हणतं, कोणी राउंडअपवालं, विकणारे बीजी-३ सांगतात. सरकारी कागदावर एचटीबीटी. बोंडअळीला मारणारं बीटी बियाणं देशात २६ मार्च २००२ ला अधिकृत झालं. चोरबीटीत त्याच्या जोडीला आणखी एक गुण घातलेला आहे. अंगावर ग्लायफोसेट हे तणनाशक पडलं तरी कपाशी जळत नाही, आजूबाजूचं सगळं गवत जळून जातं. अशा वाणाला भारतात परवानगी नाही. महिको कंपनीने त्यासाठी अर्ज केला होता, तो २०१६ मध्ये मागे घेतला. अर्ज मागे गेला, बियाणं मात्र वावरात येऊन पोचलं होतं. २०१७ च्या हंगामात त्याचा बोभाटा झाला, केंद्रानं समिती बसवली, पुढच्या वर्षी राज्य सरकारनंही विशेष तपास पथक नेमलं. आमच्याकडे तोवर लोकांच्या घरातल्या कोठीत पुढच्या वर्षीची पाकिटं होती.

या एका पाकिटावर किती कायदे बसतात ते मला पाठ आहे. निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम असतो, 'देसी' म्हणतात त्याला. तो करताना ते वहीत लिहून घेतलं होतं. १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड. पुन्हा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९८६ च्या पर्यावरण कायद्यात तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात सात वर्षांपर्यंत. शिवाय फसवणुकीचं कलम. पाचशे रुपयांपासून सात वर्षांपर्यंत, पाकीट तेच. शिक्षेच्या धाकानं माणूस गुन्हा टाळतो असं जर सरळ असतं, तर १९८६ च्या कायद्यानंतर हा प्रश्न माझ्या काउंटरवर कुजबुजून का होईना, यायलाच नको होता.

तो येतो, कारण शेतकऱ्याचा हिशेब जेलपासून सुरूच होत नाही. तो निंदणापासून सुरू होतो.

कपाशीचे पहिले दोन महिने तणाचे असतात. केना, हराळी, नागरमोथा, गाजरगवत. झड लागली की डवरा चालत नाही, ओल्या काळ्या मातीत बायका उतरू शकत नाहीत, आणि तण तर त्या आठ दिवसांतच गुडघ्याला येतं. झड उघडली की पंचक्रोशीतल्या प्रत्येक कास्तकाराला एकाच सकाळी निंदणाऱ्या बायका हव्या असतात. मग ऑटो पाठवायचा, दुसऱ्या गावावरून टोळी आणायची. ऑटोचं भाडं वेगळं, रोज वेगळा. एका एकराला आठ-दहा बायका, रोज अडीचशे-तीनशे, आणि असे दोन नाहीतर तीन निंदण. कागदावर मांडून बघा, एकरी सहा-सात हजार कुठे गेले कळत नाही. त्याच्या समोर एक फवारणी. औषध आणि फवारणाऱ्याची मजुरी धरून हजाराच्या आसपास.

आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला मी एकदा विचारलं होतं, पाच वर्षांची जेल आहे, भीती नाही वाटत? त्याने पिशवीत कीटकनाशकाची बाटली ठेवता ठेवता सांगितलं, "जेल होईन तवा होईन भाऊ. तण तं आठ दिवसात होते."

या उत्तराला कायद्याच्या पुस्तकात तोड नाही. शिक्षा लांबची आणि होईल न होईल अशी. तण जवळचं आणि नक्कीचं. १७६४ साली इटलीतल्या मिलानच्या बेक्कारिया नावाच्या तरुणानं 'गुन्हे आणि शिक्षा' या विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं. गुन्हा रोखायला शिक्षा क्रूर असण्यापेक्षा ती चुकणार नाही, लवकर होईल, याची खात्री जास्त उपयोगाची, हे त्याचं म्हणणं. गुन्हेगारीचा अभ्यास करणारे आजही बहुतेक त्याच बाजूचे आहेत. माझ्या गिऱ्हाइकाने बेक्कारिया वाचलेला नाही, पण तो त्याच्या बाजूनेच बोलत होता.

खात्रीचं म्हणाल तर गंमत अशी की चोरबीटी हा लपवता न येणारा गुन्हा आहे. जुलैच्या शेवटी खामगाव रस्त्याने जा. एका वावरात बायका वाकून निंदतायत. शेजारच्यात माणूस नाही, कपाशी हिरवीगार, आणि दोन ओळींच्या मधलं गवत पिवळं पडून माना टाकलेलं. मोटारसायकलवरून न उतरता कळतं. शंका असेल तर पानाचा तुकडा चुरडून द्रावणात टाकायचा, कागदी पट्टी बुडवायची, काही मिनिटांत रेघ उमटते. मळ्यात गांजा लपवणारा निदान तुरीच्या आड लावतो. इथे पुरावा रस्त्याच्या कडेला आहे आणि रोज बोट-बोट वाढतोय. तरी मी अजून एकही कास्तकार त्यासाठी आत गेलेला पाहिला नाही. एवढ्या वावरांत पोलीस घालणं कोणाला जमणार, आणि ज्या जिल्ह्याचं नाव शेतकरी आत्महत्यांच्या यादीत येतं तिथे कपाशी पेरली म्हणून शेतकऱ्याला बेड्या घालणं कोणत्या सरकारला परवडणार? हे शेतकऱ्याला माहीत असतं. निरीक्षकालाही. शिक्षा कायद्यात राहते आणि कायदा कपाटात.

मग धाक कोणाला बसतो? मला बसतो. पुरेपूर बसतो.

माझे तीन परवाने एका चौकटीत शेजारी शेजारी असले तरी ते एकमेकांच्या आधारानं उभे आहेत. बियाण्याचा परवाना हंगामात निलंबित झाला की खताचं गिऱ्हाईकही जातं. बँकेचं कॅश क्रेडिट दुकानातल्या मालावर आहे. कंपन्यांकडे अनामत आहे. वडिलांपासूनचं नाव आहे. निरीक्षक नमुना घ्यायला येतो तेव्हा सगळं काही नियमात असूनही माझा घसा कोरडा पडतो. साठा रजिस्टर, भावफलक, उगम प्रमाणपत्र, कालबाह्य माल वेगळा ठेवलाय की नाही, बिलावर शेतकऱ्याची सही. त्यातलं एखादं राहिलं तरी विक्री बंदचा आदेश लागू शकतो. मी चोरबीटी विकत नाही यात माझ्या चारित्र्याचा वाटा किती आणि या भिंतीचा किती, हे मला खरंच वेगळं काढून सांगता येणार नाही.

आणि गावात चोरबीटी आणणारा जो कोणी असतो, त्याला भिंतच नसते. त्याचं दुकान म्हणजे मोटारसायकलची डिक्की, नाहीतर मेव्हण्याच्या घरातला पलंग. परवाना नाही तर निलंबित काय करणार? बिल नाही, रजिस्टर नाही, बोर्ड नाही. नंबर कोणाकडून तरी मिळतो, फोटो मोबाइलवर येतो, माल रात्री, पैसे रोख. सापडला तर पाकिटं जातील, काही दिवस आत, मग जामीन. तेवढं त्यानं धरलेलंच असतं आणि ते भावात घातलेलं असतं. २०१९ मध्ये अधिकृत बीटीचं पाकीट ७३० रुपयांना होतं. चोरबीटी त्याहून दोन-तीनशे चढ, तंगी असली तर आणखी. ही चढी किंमत म्हणजे काय, यावर मी बराच विचार केलाय. आणणारा पोलिसाच्या भीतीचे पैसे घेतो, त्याला देणारा वरचा त्याच्या भीतीचे घेतो, आणि वाहतूक करणारा त्याच्या. सगळी भीती मिळून शेतकऱ्याच्या पाकिटावर येते. कायद्यानं त्याला दंड केलेला नसतो, पण दंड तो भरतोच, दरवर्षी, पेरणीच्या आधी, हप्त्याहप्त्यानं.

कडक नियमांची दुसरी एक तऱ्हा. गुलाबी बोंडअळीचं जीवनचक्र तोडायचं म्हणून कपाशीचं बियाणं आम्ही ठरलेल्या तारखेच्या आधी विकायचं नाही, अशी बंदी असते. कारण चांगलं आहे, हंगामपूर्व लागवड थांबायला पाहिजे. आम्ही परवानेवाले ती पाळतो. पण त्या रिकाम्या दिवसांत बाजार मोकळा कोणाला मिळतो? ज्याला तारीखच लागू नाही त्याला. मे महिन्यात माझं दुकान ओस असतं तेव्हा त्याची मोटारसायकल सगळ्यात जास्त पळते.

जून २०१९ मध्ये तर उलटंच दृश्य दिसलं. आमच्या ईशान्येला अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावी १० जूनला शेतकरी संघटनेच्या लोकांनी जाहीर करून, पत्रकारांना बोलावून, दिवसाढवळ्या एचटीबीटी कपाशी पेरली. सविनय कायदेभंग म्हणूनच पेरली. काही शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. आमच्या दुकानात आठ-पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. शिक्षेची भीती घालून ज्याला थांबवायचं तोच जर शिक्षा मागायला आला तर कायद्याची पंचाईत होते. या मुलखाला ते नवं नाही. अकोला जिल्ह्यातल्याच दहीहंड्याला १९३० च्या एप्रिलमध्ये खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून मिठाचा सत्याग्रह झाला होता. समुद्र नव्हता, खारपाण पट्टा होता, तेवढ्यावर भागवलं. दोन्हींची तुलना ताणू नये. मिठाच्या सत्याग्रहात स्वतःच्या फायद्याचा हिशेब नव्हता, चोरबीटीत तो आहे, आणि संघटनेचे लोकही ते लपवत नाहीत. तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य म्हणजे फायद्याचं स्वातंत्र्य, हे संस्थापक शरद जोशींपासूनचं त्यांचं म्हणणं आहे.

जोशींच्या काळातलं एक उदाहरण आमच्या भागातल्या वयस्क कास्तकारांना पक्कं आठवतं. २००१ मध्ये गुजरातेत नवभारत-१५१ नावाची कपाशी सापडली, बीटीचा गुण असलेली आणि परवानगी नसलेली. दिल्लीच्या समितीनं पीक नष्ट करायचा आदेश काढला. शेतकरी आडवे आले, जोशी त्यांच्या बाजूनं उभे राहिले, आणि पुढच्याच मार्चमध्ये महिकोच्या बीटी वाणांना मंजुरी मिळाली. नवभारतला नाही मिळाली, ही तळटीप कोणाच्या लक्षात राहिली नाही. लक्षात राहिलं ते एवढंच की आज ज्याला गुन्हा म्हणतात ते उद्या दुकानात पाकिटावर किंमत छापून येतं. "आता चोर म्हणतेत, पुढच्या साली तुमच्याच दुकानात भेटन," हे मला कितीदा ऐकवलं गेलंय. ज्या गुन्ह्याला उद्या परवाना मिळणार अशी लोकांची खात्री असते, त्याच्या शिक्षेचा धाक कसा बसावा?

इथवर मी बेक्कारियाचा पक्ष घेत आलो. शिक्षा नक्की नाही, लवकर नाही, म्हणून भीती नाही. पण माझ्या कामात मी एक गोष्ट पाहिली, ती या हिशेबात बसत नाही.

शेजारच्या एका खेड्यातला शेतकरी, गाव सांगत नाही. चार एकर कपाशी, चोरबीटी म्हणून घेतलेली. पंचविसाव्या दिवशी त्यानं ग्लायफोसेट मारलं. पाचव्या दिवशी तण पिवळं पडायला लागलं, तसं दोन एकरांतली कपाशीही पडली. पाकिटं मिसळलेली होती. अर्ध्यांत ते बियाणं होतं, अर्ध्यांत कसलं तरी साधं. आठव्या दिवशी तो दुकानात आला तेव्हा हातात तीन झाडं होती, शेंडे वाळलेले, पानं पांढरट. काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "काही औषध देता येईन काय यायले?"

अशा झाडाला औषध नसतं. दुबार पेरणीला मृग सरून गेलेला. मी त्याला तक्रारीची वाट सांगितली, म्हणजे मी आमच्या गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो ती: पाकीट आणि बिल घेऊन तालुक्याला अर्ज करा, तक्रार निवारण समिती वावरात येते, पंचनामा होतो, अहवाल हातात आला की ग्राहक आयोगात जाता येतं. बोलता बोलताच मला कळलं की यातलं एकही पाऊल त्याला उचलता येणार नव्हतं. बिल नव्हतं. पाकिटावर कंपनीचा पत्ता खोटा होता. आणि अर्जात लिहायचं काय, की मी बेकायदेशीर बियाणं समजून घेतलं, ते कायदेशीर निघालं?

तो खिन्न हसला. मलाही हसू आलं, पण दाबलं.

आता बघा. ही शिक्षा होती. कोर्टानं दिली नाही, पण त्या पेरणीचीच शिक्षा होती. आठ दिवसांत झाली. अपील नाही, जामीन नाही. रक्कम कायद्यातल्या पाचशे रुपयांपेक्षा कितीतरी पट. बियाणं, खत, मशागत, आणि गेलेला हंगाम. सगळ्या गावानं पाहिली. बेक्कारियाला याहून काय पाहिजे होतं? त्या हिशेबानं पुढच्या वर्षी निदान त्या गावात तरी चोरबीटी थांबायला हवं होतं.

पुढच्या मे महिन्यात तो शेतकरी पुन्हा आला. सोयाबीनचं बियाणं घ्यायला. जाता जाता सहज म्हणाला की कपाशी दोन एकरच लावतोय, "तेच". मी बघत राहिलो. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मागच्या वर्सी माणूस खराब भेटला होता. बियाणं खराब नव्हतं. त्या बाकीच्या दोन एकरात तुमी पाह्यलं नसन, काय साफ वावर होतं."

नुकसानीतून त्यानं जो धडा घेतला तो माणूस बदलण्याचा होता. आणि त्याला मूर्ख म्हणायची माझी तयारी नाही. जळालेले दोन एकर त्याला दिसले तसे न जळालेले दोन एकरही दिसले. त्या दोन एकरांत त्यानं एकदाही निंदायला बायका शोधल्या नव्हत्या. झड उघडल्यावर पहाटे पाचला उठून दुसऱ्या गावच्या मुकादम बाईला फोन लावणं, तिनं नाही म्हणणं, मग भाव वाढवणं, ऑटोवाल्याच्या पाया पडणं, हे ज्यानं केलंय त्याच्या तराजूत जळालेलं पीक एका पारड्यात असतं आणि हे सगळं दुसऱ्या. शिक्षा कितीही नक्की असली तरी कायदा मोडण्याला पर्यायच काय, हा प्रश्न उरतोच. निंदणाला माणूस नाही, यंत्र या काळ्या रानात पावसात चालत नाही, आणि दुसरं तणनाशक कपाशीत सगळ्या तणांवर लागू पडत नाही. त्यानं काय करावं, हे कायदा सांगत नाही. मीही सांगू शकलो नाही.

तणनाशकाचंही असंच. ग्लायफोसेटच्या लेबलवर ते चहाचे मळे आणि बिगरपीक जमिनीसाठी असल्याचं लिहिलेलं असतं. बुलढाणा जिल्ह्यात चहा पिकत नाही. म्हणून गिऱ्हाईक म्हणायचं, "धुऱ्यासाठी पाहिजे." मी बिलात लिहायचो. काही लोकांनी नेलेल्या बाटल्यांवरून त्यांचे धुरे मोजले तर वावराला जागाच उरत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रणाचा परवाना असलेल्या चालकांनीच वापरायचं. असा चालक उंद्रीच्या शिवारात आलेला मी पाहिलेला नाही. पुढच्या जुलैत तण पिवळं पडायचं थांबलेलंही पाहिलं नाही.

२०२३ मध्ये राज्य सरकारला वाटलं की आमच्यावरचाच धाक कमी पडतोय. जुलैच्या अधिवेशनात विधेयकं आली, क्रमांक ४० ते ४४. बोगस बियाणं, खतं, औषधं यांच्या विक्रीवर कडक शिक्षा. आणि ४४ क्रमांकाच्या विधेयकानं तर असं विकणाऱ्याला १९८१ च्या एमपीडीए कायद्याच्या यादीत बसवायचं ठरवलं. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाला, वाळूतस्कर आणि मग कृषी केंद्रवाला. या कायद्यात खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. राज्यभरच्या विक्रेत्यांनी २ ते ४ नोव्हेंबर असे तीन दिवस दुकानं बंद ठेवली. माझंही शटर खाली होतं. आमचं म्हणणं साधं होतं: सीलबंद पाकीट कंपनीकडून येतं, आम्ही ते फोडून उगवण तपासू शकत नाही, आणि फोडलं तर तोही गुन्हा. विधेयकं संयुक्त समितीकडे गेली. बोगस माल विकणाऱ्या परवानेवाल्याला कडक शासन व्हावं याला माझा विरोध नाही. असे आहेत आणि त्यांच्यामुळे आमचं तोंड काळं होतं. पण त्या तीन दिवसांत, बंद दुकानाच्या पायरीवर बसून मी एवढंच मोजत होतो, की ज्याच्या भिंतीवर परवाना आहे त्याचा धाक आणखी किती वाढवता येईल, आणि ज्याची भिंतच नाही त्याला या विधेयकांत शोधणार कुठून.

धाकाशिवाय काही होतच नाही असंही नाही. दोन गोष्टी मी माझ्या काउंटरवर बदललेल्या पाहिल्या. पहिली खताची. युरियाचा काळा बाजार केला तर सात वर्षांपर्यंत कैद, हे मी धंद्यात आलो तेव्हापासून ऐकतोय. पण युरियाचं गोणं कुठे गेलं हे खरोखर कळायला लागलं ते अंगठ्याचं पॉस मशीन आल्यावर. आता गोदामातलं गोणं आणि मशीनमधलं गोणं जुळलं नाही तर कोणी तक्रार करायची वाट बघावी लागत नाही. त्या मशीनलाही लोकांनी वाटा काढल्या, एकाच्या अंगठ्यावर दुसऱ्याचं खत, हे मला माहीत आहे. तरी पूर्वीसारखं राहिलं नाही. सात वर्षांची कैद जेवढं करू शकली नाही तेवढं एका डबीनं केलं.

दुसरी गोष्ट त्याहून नामी. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगरबीटी बियाण्याची पुडी यायची. वावराच्या कडेनं ते लावायचं, म्हणजे अळीला साधं झाड मिळतं आणि तिच्यात बीटीला न जुमानण्याची ताकद लवकर येत नाही. कोणी लावायचं नाही. दुकानाच्या पायरीवरच पुड्या टाकून जायचे. संध्याकाळी मी झाडून गोळा करायचो. समजावून पाहिलं, कृषी सहायकांनी सभा घेतल्या. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं विदर्भाची कपाशी खाल्ली तेव्हा या पुड्यांची आठवण पुष्कळांना झाली. मग कंपन्या ते साधं बियाणं मुख्य पाकिटातच मिसळून द्यायला लागल्या, ४७५ ग्रॅमचं एकच पाकीट. आता पाळायचं की मोडायचं हा प्रश्नच उरला नाही. पायरी झाडायचं माझं एक काम कमी झालं.

चोरबीटीत असं काही मिसळता येत नाही. तिथे दोनच सरळ तोडगे आहेत, परवानगी द्या नाहीतर निंदणाला माणूस द्या, आणि दोन्ही माझ्या काउंटरच्या हातातलं नाही. परवानगी द्यावी का, यावर माझं मत डळमळीत आहे. तणनाशकाचा पूर दरवर्षी त्याच रानात सोडला तर त्याला न जुमानणारं तण येणार, हे मी बोंडअळीवरून शिकलोय. निंदणावर जगणाऱ्या बायकांचं काय, हा प्रश्नही आहे. अर्थात त्यांच्यातल्याच काही जणी स्वतःच्या दीड एकरात चोरबीटी लावतात. आमच्या भागात कपाशीचा पेरा हटून सोयाबीन वाढलं, तसा मे महिन्यातला तो प्रश्नही पूर्वीपेक्षा कमी येतो. कायद्यानं जे झालं नाही ते थोडंफार पीक बदलल्यानं झालं.

जनविश्वास कायदा आला आणि १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण कायद्यातली ती पाच वर्षांची कैद निघाली. आता त्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावर बरीच चर्चा झाली, कैद गेली म्हणजे चोरबीटी आता बेफाम वाढणार, असं काहींचं म्हणणं. मलाही बघायचं होतं. त्या मे महिन्यात दुकानात बसलेल्या चार-पाच कास्तकारांना मी मुद्दाम सांगितलं की ते बियाणं लावल्याची जेल आता काढून टाकली.

त्यातल्या एकानं तंबाखू मळता मळता वर पाहिलं. "होती काय आंधी?"

मग त्यानं सोयाबीनच्या थैलीचा भाव विचारला, आणि उगवण किती टक्के लिहिलीय ते.